जिताडा आणि उघाडी : कुंडलिकेच्या मुखावरच्या एका मोसमाच्या नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

काल नारळी पौर्णिमा झाली. खाडीला नारळ वाहिला आणि घरी येऊन ही वही काढली. शाळेची जुनी हजेरीवही आहे, मागची पानं कोरी होती.

ठरवलंय ते असं. या मोसमात रेवदंड्याच्या खाडीत जिताडा फक्त गळाने धरायचा. जाळं नाही, पाग म्हणजे फेकायचं जाळंही नाही. प्रत्येक खेपेला तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, जागा आणि मासा लिहायचा. मासा मिळाला नाही तर तेही लिहायचं. गेली चार वर्षं मी अंदाजाने जातो आणि वर्षाकाठी एखादा जिताडा लागतो. तो का लागला ते मला सांगता येत नाही, याची रुखरुख आहे.

जागा मात्र देखणी. दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला, त्यामुळे नैर्ऋत्येची लाट खाडीच्या तोंडाशीच मोडते. बाहेर दर्या पांढरा फेसाळलेला असतो तेव्हाही डोंगराच्या आडोशाला होड्या निवांत डुलत असतात. उत्तरेला रेवदंड्याची तटबंदी, मध्ये साळावचा पूल, आणि पुलाच्या वरच्या अंगाला दोन्ही काठांनी तिवरं. रोह्याकडून येणारं कुंडलिकेचं गोडं पाणी इथे खाऱ्यात मिसळतं. जिताड्याला दोन्ही लागतात. पावसाच्या तोंडाला मोठे मासे खाडीच्या मुखाशी येऊन अंडी घालतात, पिल्लं उधाणाबरोबर तिवरांत, ओहोळांत, अगदी भातशेतापर्यंत शिरतात, वाढतात आणि परत खाऱ्याकडे सरकतात.

सामान : सात फुटी रॉड, चार हजारी रील, तीस पौंडाची विणलेली दोरी, पुढे गळाजवळच्या टोकाला चाळीस पौंडाचा जाड नायलॉन लीडर. खोटं आमिष म्हणून दोन माशाच्या आकाराचे कडक ल्यूर, पाच-सहा रबरी. जिवंत आमिष लागलं तर बोईट, हा खाडीतला छोटा मासा.

२५ ऑगस्ट, रविवार

कृष्ण सप्तमी. भरती साधारण सव्वापाच.

वेळ काढायची रीत आमच्या शेजारच्या नाखव्यांनी मला पहिल्या वर्षीच शिकवली होती : तिथीची पाऊणपट करायची. सप्तमी म्हणजे सातची पाऊणपट, सव्वापाच. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यातून हे गणित आलं. पंधरावीस मिनिटं, क्वचित अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही.

भांगाची, म्हणजे उधाण नसतानाची दुबळी भरती, पाणी धड चढलंच नाही. कोर्लईच्या पायथ्याच्या खडकांवरून साडेचार ते सात ल्यूर मारले. काही नाही. पाणी गढूळ, चहासारखं.

१ सप्टेंबर, रविवार

चतुर्दशी, भरती साडेदहा. तेच खडक, ऐन भरती.

दोन ल्यूर गेले. खडकांना कालवं चिकटलेली आहेत आणि त्यांची कड ब्लेडसारखी. दोरी नुसती टेकली तरी तुटते. मग बोईट लावून तळाला सोडलं, तर शिंगाळा, हा काटेवाला मिशाळ मासा, लागला. तो सोडवताना त्याचा कल्ल्यामागचा काटा तळहातात घुसला. कोपरापर्यंत कळ गेली. टपरीवाल्या मावशींनी चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, सोसवेल इतक्या कढत पाण्यात हात पाऊण तास बुडवून ठेवला तेव्हा कळ उतरली. शिंगाळ्याच्या काट्याचं विष उष्णतेने मंदावतं, म्हणून हा उपाय लागू पडतो. पुढच्या वेळी लांब पक्कड आणि जाड फडकं. हाताने शिंगाळा सोडवायचा नाही.

७ सप्टेंबर

गणपती बसले. गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत गळ बंद.

१५ सप्टेंबर, रविवार

द्वादशी, भरती नऊ, पूर्ण ओहोटी सव्वातीन. आज रॉड नेलाच नाही, ओहोटीत नुसता चाललो.

सकाळी नाखव्यांकडे गेलो होतो. ते अंगणात जाळ्याचं भोक सांधत बसले होते. वही दाखवली. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मास्तर, सगला भरतीनच का गेलाव?" मी म्हटलं, भरतीत पाणी वर येतं, मासा काठाला येतो. त्यांनी मान हलवली. "भरतीन मासा पसरतो. तिवरान जातो, बांधावर जातो, कुठंपन जातो. पानी वललं का त्याला यकाच वाटंन यावा लागतं. जितारा त्या वाटंवर उभा ऱ्हातो."

म्हणून आज ती वाट शोधायला निघालो. पुलाच्या वर खारभूमीचा बांध आहे, त्यावरून अडीच तास चाललो. एके ठिकाणी दगडी उघाडी आहे. गाव मुद्दाम लिहीत नाही, जागा लहान आहे. बांधाच्या आत पन्नास-साठ एकर भात, मधून निचऱ्याचा ओहोळ, आणि ओहोळ जिथे बांधाला भिडतो तिथे दोन गाळ्यांची उघाडी. प्रत्येक गाळ्याला खाडीच्या बाजूने वर बिजागरीवर लोंबणारी लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडप आपोआप घट्ट मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. ना चावी, ना माणूस.

मी पोचलो तेव्हा दोन्ही झडपा उघड्या होत्या. शेतातलं गोडं पाणी कमरेएवढ्या जाडीच्या धारेने खाडीत कोसळत होतं. धारेने समोर डोह कोरला आहे, बांबू घालून पाहिला तर आठ फुटांवर तळ लागला. आजूबाजूला गुडघाभर चिखल आणि त्यात निवट्या, चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे. धारेबरोबर काय काय येतं ते पाहायला मी फडकं धरलं. पाच मिनिटांत मूठभर बारीक कोळंबी, बोटाएवढी बोईटं, दोन बेडूक.

डोहाच्या कडेला फेसाची एक रेघ होती. तिच्या खाली गढूळ, वर थोडं निवळ. त्या रेघेवर पाणी एकदा आतून ओढल्यासारखं खड्डा पडून परत मिटलं. 'भॉक' असा आवाज आला. जिताडा भक्ष्याला चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. तो आवाज त्याचाच. मी रिकाम्या हाताने उभा होतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

संकष्टी. चौथीची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. शाळा सकाळची होती, साडेतीनला उघाडीवर.

खाडीच्या तोंडाशी भरती तीनला उतरायला लागली तरी उघाडीशी पाणी पावणेचारला वळलं. पाऊण तासाचा फरक, हा पुढे धरून चालायचा. झडपा पाच वाजून पाच मिनिटांनी हलल्या. आधी फटीतून पाणी पाझरलं, मग दार कुरकुरलं, मग धार.

रबरी ल्यूर धारेत टाकला की तो डोहावरून वाहत फेसाच्या रेघेपर्यंत जातो. तिथे तो थांबवायचा, ओढायचा नाही. हे समजायला अर्धा तास गेला. ५ वाजून ५० मिनिटांनी तिसऱ्या थांब्यावर हाताला ठोका बसला आणि मासा हवेत उडाला. डोकं गदागदा हलवत, कल्ले फाकवून, अंगाची चांदी चमकवत. चार मिनिटांत काठावर आला. जिताडा, ४१ सेंमी. वजन साधारण ८०० ग्रॅम.

घरात संकष्टी, त्यामुळे मासा नाखव्यांकडे दिला. त्यांनी हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "वलतीन?" "ओहोटीतच." "मंग."

२९ सप्टेंबर, रविवार

मुद्दाम उलटी परीक्षा घेतली. द्वादशी, भरती नऊ, ओहोटी सव्वातीन, म्हणजे संध्याकाळी चढतं पाणी. त्याच उघाडीवर चार ते साडेसहा बसलो. झडपा मिटलेल्या, डोह सपाट. एकही ठोका नाही. तीन शिंगाळे मात्र आले, पक्कडीने सोडवले.

जागा तीच, संध्याकाळ तीच, पाणी तेवढं उलटं.

५ आणि ६ ऑक्टोबर, शनिवार-रविवार

तृतीया आणि चतुर्थी. भरती सव्वादोन आणि तीन.

आता गणित जमतंय. मावळतीच्या दीड तास आधी झडपा उघडलेल्या हव्यात आणि धार जोरात हवी. म्हणजे भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान हवी. ते द्वितीया, तृतीया आणि चतुर्थीला होतं, शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत. शिवाय अमावास्या-पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली असते, म्हणून उधाणाचा जोर शिल्लक असतो आणि पाणी खूप खाली उतरतं. महिन्यातले सहाच दिवस. चार वर्षं मी उरलेल्या चोवीस दिवसांत हात मारत होतो.

शनिवारी ५३ सेंमी, रविवारी ३८ आणि ५७.

नवरात्र चालू आहे. आमच्या घरी मासळी नाही, नाखव्यांकडेही नाही. त्यामुळे तिन्ही मासे सोडले, आणि सोडताना जिताडा पहिल्यांदा नीट पाहिला. एरवी काठावर आला की पिशवीत जातो. डोक्यावरचा उतार आत दबलेला, त्यामुळे तोंड पुढे काढल्यासारखं दिसतं. पाठ तांब्या-पितळेच्या भांड्यासारखी काळपट हिरवी, पोट चांदीचं. हेडलाइट लावला तर डोळा निखाऱ्यासारखा लाल पेटतो. पाण्यात धरून ठेवला की आधी जड पडून राहतो, कल्ले दोनदा, तीनदा हलतात, मग शेपटीचा एक फटका देऊन जातो. माझ्या तोंडावर चिखल उडाला. ५७ चा मासा गेल्यावर मी बराच वेळ तिथेच पाण्यात उभा राहिलो.

गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले आहेत. सोडवणं सोपं होतं, आणि दोरी ताठ ठेवली तर मासा सुटत नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

गेलो नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

द्वितीया, भरती दीड. पाऊस थांबून आठवडा झाला, धार अजून चांगली.

५ वाजून ४० मिनिटांनी मोठा मासा लागला. पहिल्या उडीतच कळलं की आजवरच्यापेक्षा दुप्पट आहे. दोरी सुटत राहिली, तो तिवरांकडे वळला, मी रॉड आडवा करून वळवला. दहा मिनिटं झाली असतील. काठापासून दोन हातांवर आला, डोकं फिरवलं आणि लीडर तुटला.

घरी भिंगाखाली टोक पाहिलं. ओढून तुटलं असतं तर नायलॉन ताणून पांढरा पडला असता. हा सरळ कापलेला होता. जिताड्याचे दात बारीक, कानशीसारखे खरखरीत असतात, ते दोरी झिजवतात. पण कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते आणि तिला काटे असतात, ती दोरी कापते. माझी चूक : लीडर चाळीसचा आणि जेमतेम हातभर. आता साठ पौंडाचा, चार फुटी.

शिवाय एका दुकानातून घेतलेल्या नव्या ल्यूरचे गळ आज पाहिले तर एक पाकळी सरळ झाली होती. सगळ्या कडक ल्यूरचे गळ बदलून जाड टाकले. मोठ्या माशाच्या तोंडात तुटका गळ सोडून देणं मला नको आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

चतुर्थी. एक ४९ सेंमी. हा घरी नेला. आईने डोक्याचं चिंच घालून कालवण केलं आणि तुकड्या तव्यावर. वर्षभराने घरात जिताडा शिजला. जिताडा म्हणजे पाहुण्याचा मासा, असं आई अजून म्हणते. पूर्वी आमच्याकडे जावई आला की तळ्यात जाळं पडायचं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

द्वितीया, भरती दीड, मावळती सहा वाजून पाच मिनिटं.

ताई आणि दाजी सकाळी आले. ओवाळणी संध्याकाळी ठेवायला ताईला विनवलं आणि दाजींना घेऊन उघाडीवर गेलो.

शेतात भात कापून झालंय, त्यामुळे आतलं पाणी कमी. धार हातभर. वाटलं, मोसम संपला. पाचपर्यंत काही नाही. मग मी फडक्याने दोन बोईटं धरली, एक ओठातून गळाला लावलं आणि फेसाच्या रेघेपलीकडे, जिथे डोहाचा तळ परत उथळ होतो तिथे सोडलं. आजवर तिथे टाकलं नव्हतं. धार मंद असेल तर मासा मागे सरकून उभा राहत असेल, एवढाच विचार.

५ वाजून ५५ मिनिटांनी बोईट घाबरलं. ते दोरीतून बोटाला कळतं, बारीक थरथर, पळायला जागा नसल्यासारखी. मग 'भॉक'. मी तीन आकडे मोजले आणि रॉड उचलला.

तो उडाला नाही. तळाला दाबून खाडीच्या मधल्या वाटेकडे चालू लागला, घाई नाही, काही नाही. दोरी साठ-सत्तर हात गेली. दाजी मागून विचारत होते, "तुटणार का?" मला बोलता येत नव्हतं. पंधरा मिनिटांनी तो पहिल्यांदा वर आला आणि फक्त अर्धा उडाला. अंगच एवढं होतं की अर्धंच बाहेर येऊ शकलं. अंधार पडत होता. दाजींनी हेडलाइट धरला तसे पाण्यात दोन लाल डोळे दिसले आणि ते सावकाश काठाकडे आले.

८७ सेंमी. टेप दोनदा लावला. तराजू नव्हता, पण नऊ किलोच्या आसपास. लीडरला चार ठिकाणी चिरा होत्या, साठचा नसता तर गेला असता.

दाजी म्हणाले, "चल, उचल. आजचं जेवण झालं, वर चार घरांना पुरेल." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हा मासा कोण आहे ते मला माहीत होतं. जिताडा जन्माला नर म्हणून येतो. काही वर्षं नर म्हणून राहतो आणि मोठा झाला की बहुतेक मासे मादी होतात. एवढ्या लांबीचा मासा बहुधा मादीच, आणि एका खेपेला लाखांनी अंडी घालणारी. आपण मोठा म्हणून जो मासा मिरवत घरी नेतो तो जवळपास दरवेळी आईच असतो. छोटे सगळे बाप. या खाडीत अशा आया किती उरल्या असतील?

हे मी दाजींना सांगितलं, चिखलात गुडघ्यावर बसून, एका हाताने तिचा जबडा धरून. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पँट वर केली, पाण्यात उतरले आणि तिच्या पोटाखाली दोन्ही हात दिले. आम्ही दोघांनी तिला धारेच्या तोंडाकडे वळवून धरलं. कल्ले उघडायला लागले. सहा-सात मिनिटं गेली असतील. ती गेली तेव्हा फटका नाही, काही नाही, फक्त हातातलं वजन नाहीसं झालं.

ओवाळणी साडेआठला झाली. दोघेही चिखलाने माखलेले होतो. ताईने आधी न्हाणीत पाठवलं.

४ नोव्हेंबर

नाखव्यांना सांगितलं. "सोरलाव? नऊ किलोचा?" मी हो म्हटलं. ते रागावले. खरंच रागावले. त्यांच्या तरुणपणी एका उधाणात असे चार मासे यायचे, आता वर्षाला एक दिसतो, आणि तो मास्तरने सोडला. त्यांच्या होडीचं कर्ज आहे, जून-जुलैचे दोन महिने बंदी असते, हे मला माहीत आहे. मी पगारावर जगतो. मासा सोडणं मला परवडतं, त्यांना नाही, हे इथे लिहून ठेवतो. त्यांच्या जाळ्यात आलेल्या माशाबद्दल मी कधी बोलणार नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "डोहाच्या पुरं टाकला व्हतास का मंगारी?" मी पुढचा उथळ भाग सांगितला. त्यांनी नुसतं "हां" म्हटलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पौर्णिमा काल झाली, आज प्रतिपदा. उघाडी जवळजवळ कोरडी. दोन तासांत ठोका नाही, मोसम संपला.

परत येताना बांधाच्या आतल्या ओहोळात एक डबकं आटत आलेलं दिसलं. माझ्या शाळेतली चार पोरं टॉवेल घेऊन त्यात उतरली होती. बादलीत डोकावलो तर बोईटांच्या गर्दीत वीतभर लांबीचे वेगळे मासे. कपाळावर पांढरा पट्टा, पुसट झालेला. जिताड्याची पिल्लं, एकूण तेवीस. पावसाळ्यात उधाणाबरोबर गळक्या झडपांतून आत आलेली आणि पाणी आटल्यावर अडकलेली.

शेताच्या मालकीणबाई बांधावर होत्या. त्यांच्या घरामागे तळं आहे. खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या खारवट पट्ट्यात, असंच चालत आलंय : शेतातलं बीज उचलायचं, तळ्यात सोडायचं, बारीक मासळी खायला घालायची, दोन पावसाळ्यांनी काढायचं. आता बीज विकतही मिळतं. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सीबाने, १९९७ मध्ये हॅचरीत जिताड्याचं बीज तयार करून दाखवलं, तेव्हापासून ती सोय झाली. पण इथे फुकटचं बीज दारात आलेलं. बाई म्हणाल्या, "माज्या तल्यान टाका. पोरीचं लगीन हाय पुरच्या वर्षाच्या पुरं."

मी म्हटलं, अर्धे खाडीत सोडूया का? त्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "निम्मे तुमचे," म्हणाल्या.

तेविसाचे निम्मे होत नाहीत. बारा तळ्यात गेले, अकरा आम्ही बांध ओलांडून खाडीत नेले. पोरांनी एकेक हाताने सोडला आणि मोठ्याने मोजला. डोहात पाणी चढायला लागलं होतं.